साच्यातली दहा झाकणं

माझी सून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, आडवी पडली होती. तोंडातून लाळ गळत होती, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. नातीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "मम्मी, फवारणीच्या पंपात विष किती टाकलं?"

"तुह्या त्या फोनातल्या यंत्रानं सांगितलं तेवढंच. दहा झाकणं."

नातीचा चेहरा उतरला. हे उन्हाचं नाही, हे मला तेव्हा कळलं.

नात आमच्या गावात, साखऱ्यात, घरी बसून एका कंपनीचं काम करते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी तयार तुकड्यांचा साठा असतो, त्याला ते लायब्ररी म्हणतात. तुकडा कसा वापरायचा हे दाखवायला नमुने असतात, आणि उत्तरं देणाऱ्या यंत्राला प्रश्न कसा विचारायचा त्याचे साचे. ते नमुने आणि साचे नीट करणं हे तिचं काम. लोक नमुना वाचत नाहीत, उचलून तसाच लावतात, असं ती म्हणायची.

त्यातलाच एक साचा तिनं दुरुस्त करण्याआधी आईच्या फोनवर चालवून बघितला आणि तिथं तसाच राहू दिला. आधी नमुना म्हणून तिनं भरलेला प्रश्न आणि उत्तर: निंबोळी अर्क किती? पंपाला दहा झाकणं. त्याला चिकटूनच खरा प्रश्न यायचा. मध्ये रेघ नाही, मोकळी ओळ नाही. सुनेनं सोयाबीनवरच्या अळीचं विष किती घालू म्हणून विचारलं. यंत्राला दोन्ही प्रश्न एकच वाटले, त्यानं तिला निंबोळीचं उत्तर दिलं; विषाला ते कितीतरी जास्त.

आमच्याकडे सगळं झाकणानंच मोजतात, डबा कोणताही असो. कालवायला काडी नसली तर हात. त्या सकाळी सुनेचा हात कोपरापर्यंत विषाच्या बादलीत होता.

"काहून हात घालून राहिली वं?" मी ओरडले.

"आत्याबाई, काडी शोधेपर्यंत अळी पीक खाऊन ढेकर देईन."

जीपमध्ये मी विषाचा डबा मांडीवर धरला. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरनं डब्यावरचं नाव वाचलं आणि सुया सुरू केल्या. नंतर सून बडबडायला लागली. हवेतल्या नसलेल्या अळ्या वेचायला लागली. तिचे हात खाटेला बांधले.

नात बाहेरच्या बाकावर कॉम्प्युटर उघडून बसली.

"माय मरून राहिली अन् तू हे काय करून राहिली?"

"आज्जी, साचा लायब्ररीत तसाच हाय. लोक उचलून राहिले."

"मग पुसून टाक."

"इथला पुसते. उचललेला कसा पुसू? त्यांनी नमुन्यात काय भरलं, गोळ्या का इंजेक्शनं, मला काय ठाऊक?"

तिनं नमुन्याच्या वर-खाली खुणा घातल्या, खरा प्रश्न वेगळा काढला, आकड्याच्या जागी मोकळी जागा ठेवली. जुना साचा कोणाकोणाकडे चालू आहे, ते तिला आजही माहीत नाही.

आमची सून जगली.