कासव इकडे का आलं नाही

मंदारला हे माहीत नाही. सईला नाही. माझ्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी माझं वजनसुद्धा खरं सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही आमच्याकडे जेवायला येणार नाही — आणि आलातच तर मंदारसमोर गप्प बसाल, एवढा भरवसा धरते. एक मात्र आधीच सांगून ठेवते. मी रडणार नाहीये. माझी झोप उडाली, जेवण जात नाही, असलं काही झालेलं नाही. झोप मला छान लागते.

गोष्ट एका कार्टूनची आहे. हसलात? हसा. मीही आधी स्वतःला हेच सांगायचे — एक कार्टून तर आहे, त्याचं एवढं काय?

आम्ही राहतो अल नहदाला, शारजाच्या बाजूला. बाल्कनीतून दुबई दिसते, आणि दुबईला जाणारी गाड्यांची रांगही दिसते. मंदार, म्हणजे माझा नवरा, इथलाच म्हणायचा. तीन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर आला, इंग्रजी शाळेत शिकला. तो हिशोब इंग्रजीत करतो, चिडतो इंग्रजीत, झोपेत बरळतो तेही इंग्रजीत. मी इस्लामपूरची. मराठी शाळेतली. लग्न करून इथे आले, नोकरी धरली, ऑफिसातलं इंग्रजी शिकले — ईमेलचं, मीटिंगचं. त्यात विनोद नसतात. आणि सई, आमची एकुलती एक, ती बापावर गेलेली. मी विचारणार, ‘जेवलीस का गं?’ ती म्हणणार, ‘येस, आई.’ ‘आई’ तेवढं मराठीत. तेवढ्यावर मी खूश राहायचं.

तर, कार्टून. टॅक्सी चालवणाऱ्या एका कासवाची गोष्ट होती ती, इंग्रजी. सई चार वर्षांची असताना मंदारने विकत घेतली. भाड्याने नाही, कायमची. तेव्हा आमच्या टीव्हीवर एका कंपनीचं सिनेमांचं दुकान होतं, तिथे घेतलेला सिनेमा आपल्या खात्यात राहायचा. तसे बरेच होते आमचे. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, सकाळी हे दोघं सोफ्यावर, एका चादरीत, कासव लावून बसायचे. पाठ झालेलं असायचं सगळं. कासवाचं एक वाक्य होतं, गिऱ्हाईक उशिराबद्दल ओरडायला लागलं की ते शांतपणे म्हणायचं, ‘वी आर नॉट लेट. वी आर अर्ली फॉर टुमॉरो.’ शारजाहून दुबईला जाणाऱ्या माणसाला हे वाक्य किती उपयोगी पडतं, ते इथे राहणाऱ्याला विचारा. रोज शाळेच्या वाटेवर गाडी अडकली की मंदार अर्धं म्हणायचा, मागून सई उरलेलं म्हणायची, आणि दोघं खिदळायचे. रोज. मी पुढच्या सीटवर डबे मांडीवर घेऊन बसलेली.

मी कधी त्यांच्यात बसले नाही, असं नाही. बसले होते. एका शुक्रवारी पोह्यांचा गॅस बंद करून मुद्दाम जाऊन बसले, चादरीचं टोक ओढून घेतलं. ते हसले, मीही हसले. सई तेव्हा सहा वर्षांची असेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी प्रेमाने, काही वाईट मनात नसताना म्हणाली, ‘आई, यू ऑलवेज लाफ लेट. यू लाफ बिकॉज वी लाफ.’ मंदार हसला. तोही प्रेमानेच हसला. मी उठून पोहे वाढायला गेले.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. मुलं बोलतात. तुमचीही बोलली असतील काहीतरी. तुम्ही त्यावरून काय केलंत? काहीच नाही ना? मीही दोन-तीन वर्षं काहीच केलं नाही.

मग त्या कंपनीने आपलं दुकान बंद करायचं ठरवलं. कळवलं की तुम्ही घेतलेले सिनेमे वाया जाणार नाहीत, दुसऱ्या एका कंपनीच्या खात्यात हलवता येतील, मुदतीच्या आत हलवा. घरातली ऑनलाइन कामं माझ्याकडे — व्हिसा, विजेचं बिल, शाळेचं ॲप, सगळं. मंदार म्हणाला, ‘तूच कर ना यार, मला त्या पासवर्डांचा कंटाळा येतो.’ एका सुटीच्या दुपारी दोघं खाली पोहायला गेले होते, तेव्हा मी बसले. फार सोपं होतं. जुनं खातं नव्याला जोडायचं, आपले सगळे सिनेमे समोर येतात, प्रत्येकापुढे आधीच बरोबरची खूण असते. नको असेल त्याची खूण काढायची. मग ‘पुढे’. खाली बजावलेलं होतं की एकदा केलं की बदल होणार नाही.

मी मराठी सिनेमांच्या खुणा ठेवल्या. ते मीच घेतलेले, सईने बघावेत म्हणून. तिने एकही पुरा बघितला नव्हता. मंदारच्या मारामारीच्या ठेवल्या. सईच्या बाकीच्या कार्टूनच्याही ठेवल्या. कासवाची काढली.

आता तुम्ही म्हणाल, चुकून निघाली असेल. नाही. किंवा म्हणाल, पोरीच्या कानावर मराठी पडावी म्हणून केलं असेल — आईचं मन! हे मीही स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते, आणि ऐकायला फार बरं वाटतं ते. पण मग बाकीची इंग्रजी कार्टूनं कशाला ठेवली असती? मराठीचा काही संबंध नव्हता. मला त्या चादरीत जागा नव्हती, म्हणून ती चादर मी ओढून काढली. इतकंच आहे ते. हेवा. नवऱ्याचा आणि पोटच्या पोरीचा.

संध्याकाळी सांगून टाकलं, ‘काही आले, काही नाही आले. राइट्सचा प्रॉब्लेम आहे म्हणे. आपल्या रीजनमध्ये अलाउड नाही.’ हे खोटं दुसरीकडे कुठे पचलं असतं की नाही, मला शंका आहे. इथे पचतं. इथे अर्ध्या गाण्यांवर, मालिकांवर ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ असं येतं. आईला मोबाइलवरून साधा व्हिडिओ कॉल लावताना आम्ही किती ॲप बदलतो! इथे वाढलेल्या माणसाला ‘अलाउड नाही’ म्हटलं की तो पुढे विचारत नाही. खलास म्हणतो आणि गप्प बसतो. ते मला ठाऊक होतं. म्हणून तर ते वाक्य निवडलं.

सई गप्प बसली नाही. ‘बट वी बॉट इट! इट्स अवर्स!’ म्हणून जी रडली, की मंदारने दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरला फोन लावला, स्पीकरवर. मी तिथेच गवार मोडत बसले होते. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून आपल्याकडचीच, लहानशी. तिने तपासलं आणि सरळ सांगितलं, ‘सर, वो फिल्म मूव होने के लिए रेडी थी. आपके अकाउंट से ही टिक निकाला गया है.’

मंदारने माझ्याकडे बघितलं. ‘तू काढलंस काही?’

‘मी? मी कशाला काढू?’

मग तो त्या मुलीवर जो घसरला! ‘मॅडम, मेरी वाइफ सामने बैठी है, आप उसको झूठा बोल रही हो?’ तिचं नाव विचारून घेतलं. तक्रार करतो म्हणाला, आणि केलीही. ती दोनदा सॉरी सर म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फाटला. मी गवार मोडत राहिले. शिरा काढत राहिले, नीट, एकेक. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. खरं बोलणारी त्या दिवशी ती एकटीच होती, आणि बोलणी तिने खाल्ली.

एवढंच असतं तरी तुम्ही मला माफ केलं असतं. मला नकोय ते, पण केलं असतं. म्हणून आता उरलेलंही सांगते.

खूण काढण्याआधी मी थांबले होते. नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन कासव शोधलं होतं. आपल्याकडून नाही आलं तरी मंदार परत विकत घेईल — मग काय उपयोग? तिथे लिहिलं होतं की हा सिनेमा आता इथे नव्याने विकत मिळणार नाही, ज्यांनी आधी घेतलाय त्यांच्याकडेच राहील. जुनं दुकान तर बंदच होणार होतं. म्हणजे आत्ता खूण काढली तर तो कायमचा जातो, हे मला कळलं. मी ते दोनदा वाचलं. माझं ईमेलचं इंग्रजी चांगलं आहे. खालून तरणतलावावरचा सईचा ओरडा ऐकू येत होता. मग खूण काढली, आणि ‘पुढे’ दाबलं.

पुढे काय झालं म्हणता? माझ्या मनासारखं काहीच झालं नाही. शुक्रवारची सकाळ मला मिळाली नाही, ती कुणालाच मिळाली नाही. सई तिच्या खोलीत टॅब घेऊन बसायला लागली. मंदार फोनवर क्रिकेट बघायला लागला. सोफ्यावर मी एकटी, आणि माझे मराठी सिनेमे, सगळेच्या सगळे सुखरूप पोचलेले. मी बघितले ते. वेळेवर हसले.

सई आता कॉलेजसाठी पुण्याला गेली. मागच्या महिन्यात मंदार तिला सोडायला गेला, मला रजा मिळाली नाही. एअरपोर्टपर्यंत मी गेले, कारण गाडी परत आणायची होती. मंदार चालवत होता, सई पुढे त्याच्या शेजारी, मी मागे बॅगांबरोबर. शारजातून निघालो आणि अडकलो. चेक-इनची वेळ जवळ येत होती. मंदार घड्याळ बघायला लागला, आणि मग एकदम त्याचा चेहरा खुलला. आरशात मला दिसला तो. ‘सई, ते काय होतं गं? वी आर नॉट लेट, वी आर... वी आर...’

‘ओ माय गॉड, द टॉर्टस!’ सई म्हणाली. ‘वी आर... समथिंग. वेट. वेट, डॅड, आय नो धिस.’

तिला आठवेना. त्यालाही आठवेना. ‘ऑन टाइम’ लावून बघितलं, ‘स्लो’ लावून बघितलं. ‘टू अर्ली समथिंग,’ सई म्हणाली, मग म्हणाली, नाही, ते मजेशीर होतं, हे नाही. दोघं इतक्या हट्टाने शोधत होते की पुढची गाडी हलली तरी मंदारचं लक्ष नाही, मागच्याने हॉर्न दिला. शेवटी सई म्हणाली, ‘व्हॉटेवर,’ आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मंदारने रेडिओ लावला.

मला आठवत होतं. का नाही आठवणार? पोहे परतताना, कणीक मळताना, ओट्यापाशी उभं राहून तो सिनेमा मी त्यांच्याइतकाच ऐकलाय. ते वाक्य, त्याच्या आधीचं गिऱ्हाइकाचं ओरडणं, मधला तो थांबा — सगळं, कासवाच्या सुरासकट. पुढे वाकून चार शब्द म्हणायचे, एवढंच होतं. दोघांनी माझ्याकडे वळून बघितलं असतं. कदाचित हसले असते.

मी बॅगेचा पट्टा सरळ केला. ते वाक्य आता आमच्या घरात फक्त मला येतं.