नॉलेज सिटीतली काडेपेटी

सिंधूमावशींना त्या शहराचा मनस्वी वैताग आला होता. शहर आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद होतं. त्यात सहा उंच इमारती होत्या, हेलिपॅड होतं, हिरव्या स्पंजाची दोनशे झाडं होती आणि एक निळं तळं होतं. बीडात नळाला पाणी कधी येईल हे सांगणं जिथं ज्योतिष्यालाही जमत नाही, तिथं या तळ्यात बारा महिने पाणी होतं आणि वर दोन राजहंस होते.

बालाघाट विद्यापीठाच्या बीड संकुलाचा हा नमुना. नाव ‘नॉलेज सिटी, व्हिजन २०५०’. तो पुण्याहून टेम्पोत येताना आष्टीच्या अलीकडं एका खड्ड्यात त्याची एका बाजूची काच फुटली, आणि तेव्हापासून त्या शहरात धूळ बिनपरवाना शिरू लागली. ती काढायचं काम शिपाई म्हणून मावशींकडे आलं. रोज सकाळी रंगाऱ्याचा जुना ब्रश घेऊन त्या आधी हेलिपॅड झाडत, मग अ‍ॅम्फीथिएटर, मग राजहंसांच्या पाठी. झाडता झाडता तोंड चालूच.

“येक खरं इमान उतरलं न्हाई बीडात, अन् ह्यास्नी हेलिकॉप्टर पायजे.”

मावशी नेकनूरच्या. नवरा आश्रुबा याच संकुलात पहारेकरी होता. सात वर्षांपूर्वी तो गेला आणि अनुकंपा तत्त्वावर मावशींना शिपायाची नोकरी मिळाली. नोकरीबरोबर त्याची शिट्टीही मिळाली. ती त्या अजून कमरेला बाळगतात आणि ग्रंथालयात कुणी मोबाइलवर मोठ्यानं बोललं की वाजवतात, म्हणजे शांतता राखण्यासाठी मावशी करतात तेवढा गोंगाट अख्ख्या संकुलात दुसरं कुणी करत नाही.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना एक शोध लागला. ग्रंथालयाच्या मागं पत्र्याच्या छपराची एक खोली होती. दारावर ‘महिला प्रसाधनगृह’ अशी पाटी, आणि आत छतापर्यंत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. सतरा वर्षांचे नापास तिथं सुखानं नांदत होते, आणि जिवंत मुलींनी कुठं जायचं याचा विचार कुणी केला नव्हता. मावशींनी कुणाला अर्ज केला नाही. तीन रविवार लावून गठ्ठे एकटीनं उचलले, परीक्षा विभागाच्या व्हरांड्यात नेऊन रचले, दोन्ही संडास घासून पांढरे केले आणि दाराला स्वतःचं कुलूप घातलं. परीक्षा विभागानं पुढं चार महिने पत्रं लिहिली. मावशींनी एकही उघडलं नाही.

तेव्हापासून ती किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात. तीनशे बारा मुली आणि दोन संडास, असा तो राजेशाही थाट. एखादा मुलगा त्या बाजूला नुसता वळला तरी शिट्टी वाजे.

नॉलेज सिटीत या खोलीच्या जागी कारंजं होतं.

हे मावशींना कळलं ते झाडतानाच. ग्रंथालय सापडलं, मागं बघतात तर कारंजं. त्यांनी सगळं शहर ब्रशनं धुंडाळलं. त्रेसष्ट गाड्या उभ्या करायला जागा होती. फिरायला वाट होती, त्या वाटेवर बिनचेहऱ्याची चिमुकली माणसं होती. पण अख्ख्या शहरात संडास नव्हता.

“ह्या मान्सास्नी लागतच न्हाई का काय!” म्हणून त्या तडक संचालकांकडे गेल्या.

संचालक विजयसिंह सर वाईट माणूस नव्हेत. उलट फारच उत्साही. त्यांची अडचण एवढीच की ते राहायला २०५० सालात गेले होते आणि बीडला फक्त पगारापुरते येत.

“तिसऱ्या टप्प्यात आहे ना मावशी,” सर प्रेमानं म्हणाले. “सेन्सर असलेलं. हात पुढं केला की पाणी.”

“अन् तिसरा टप्पा कदी?”

“दोन हजार अडतीस.”

“मंग पोरींनी तवर कळ काढायची का?”

सरांनी हसून दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची फाइल उघडली. जुनी खोली येता सोडून पुढच्या सोमवारी पाडायची होती. त्याच दिवशी कारंज्याचं भूमिपूजन होतं.

मावशींना वैताग आला तो सरांमुळे नव्हे, तेजश्रीच्या विचारानं. तेजश्री एम.एस्सी.ची. मावशींच्याच गावची. सकाळी सहाच्या एसटीनं निघायची. मावशींनी खोली उघडली त्याच्या आधीच्या वर्षी तिची मोठी बहीण इथं शिकत होती. घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत ती पोरगी पाण्याचा थेंब घेत नसे. शेवटी मूत्रपिंडाला सूज येऊन दवाखान्यात पडली, आणि परीक्षा हुकली ती हुकलीच. तिच्यासाठी गठ्ठे काढायला मावशींना उशीर झाला होता. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त पाणी नाकारणारी पोरगी दिसली की त्या ओळखत, आणि गळ्यातली किल्ली काढून हातावर ठेवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉलेज सिटीत एक नवी इमारत दिसू लागली. कारंजं होतं तिथं रिकामी काडेपेटी. वर गोमातेचं चित्र.

सरांनी ती टिचकीनं उडवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा काडेपेटी. सरांनी संकुलाचे अभियंता नवनाथ यांना बोलावलं. नवनाथ धर्मापुरीचे. कामाला वाघ, पण सूचना पूर्ण ऐकायच्या आधीच झेप घेणारे.

“कोण ठेवतंय बे हे?” त्यांनी गड्याला दरडावलं.

“मी ठेवते,” मावशी मागून म्हणाल्या. “खोली अजून पाडली न्हाई ना? मंग दिसाया नगं?”

“मावशी, नमुन्याचं प्रमाण बिघडतं!” नवनाथ म्हणाले.

“पोरींचं पोट बिगडतंय त्येचं काय?”

सात दिवसांत काडेपेटी सात वेळा उडाली आणि सात वेळा बसली. आठव्या दिवशी, शुक्रवारी, सरांना ती उडवायला वेळ मिळाला नाही. त्या दिवशी अनुदान समिती येणार होती. नॉलेज सिटीला पैसे द्यायचे की नाही, हे ती ठरवणार होती.

आणि त्याच सकाळी मावशी किल्ली घेऊन ग्रंथालयाच्या मागं गेल्या, तर कुलूप होतं, कडी होती, पण ज्याला लावायचं ते दारच नव्हतं. चौकटीसकट उपटून नेलं होतं. नवनाथांनी सोमवारचं काम शुक्रवारीच ‘थोडं सुरू करून ठेवलं’ होतं. कुलूपकडी मात्र मावशींची खासगी मालमत्ता म्हणून विटेवर नीट मांडून ठेवली होती. मावशींनी शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकर निघेना. मुली येत, उघडं भगदाड बघत आणि मुकाट्यानं परत जात. तेजश्रीनं पाण्याची बाटली पिशवीत खोल ढकलली. ते मावशींनी पाहिलं.

समिती अकराला आली. प्रमुख डॉ. विजयमाला, साठीच्या, पुण्याहून पहाटे निघालेल्या. सरांनी त्यांना हारतुरे दिले, आणि मग पडद्यावर चौऱ्याऐंशी चित्रं दाखवायला सुरुवात केली. मावशी चहा घेऊन आत गेल्या. मॅडमनी कप सरकवला. दुसऱ्या खेपेला मावशी पाणी घेऊन गेल्या. मॅडमनी ग्लासाकडं बघितलं आणि हलकेच मान हलवली.

ती मान मावशींना पाठ होती.

पडद्यावर एकेचाळिसावं चित्र होतं. सर हेलिपॅडवर होते. मावशी वाकल्या आणि मॅडमच्या कानात म्हणाल्या, “बाई, जायचंय का?”

मॅडमनी त्यांच्याकडं इतक्या कृतज्ञतेनं बघितलं, की आश्रुबानंतर तसं मावशींकडं कुणी बघितलं नव्हतं. दोघी उठल्या. सरांना वाटलं, मॅडमना फोन आला. ते बोलतच राहिले.

दार तर नव्हतं. पण व्हरांड्यात सोमवारच्या भूमिपूजनाचा फ्लेक्स गुंडाळून ठेवला होता. सहा फूट उंच, त्यावर पूर्ण आकाराचे विजयसिंह सर हात जोडून उभे, आणि खाली ‘आपले सहर्ष स्वागत’. मावशींनी तो भगदाडावर चढवला, वरून दोन विटा ठेवल्या. फोटो आत ठेवावा की बाहेर, हा प्रश्न क्षणभर पडला. पण मावशी सभ्य बाई. फोटो बाहेर.

एवढ्यात प्रमुख पाहुण्या गायब झाल्याचं सरांच्या ध्यानात आलं. ते नवनाथांना घेऊन घाईघाईनं ग्रंथालयाच्या कोपऱ्यावरून वळले, आणि समोर स्वतःच उभे दिसले. हात जोडून, हसत.

“हे इथं कुणी लावलं?” सर पुढं झाले.

शिट्टी अशी वाजली की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

“थांबा सर! आत मॅडम हायेत. दारात तुमी हुबे हायेतच की आधीच, अजून कशाला येता?”

सर जागच्या जागी थिजले. एक सर हसत होते आणि एक सर घामाघूम झाले होते. नवनाथ आकाशाकडं बघू लागले.

मॅडम बाहेर आल्या. मावशींनी तांब्यानं हातावर पाणी घातलं. आता मॅडमनी प्यायलाही पाणी मागितलं, आणि दोन तांबे प्यायल्या. मग विचारलं, “दार कुठं गेलं?”

“शहरात जागा न्हाई म्हनून काडलं,” मावशी म्हणाल्या.

उरलेली त्रेचाळीस चित्रं मॅडमनी बघितली नाहीत. त्या थेट नमुन्यापाशी गेल्या. सगळं शहर फिरून त्यांचं बोट कारंज्याच्या जागी थांबलं.

“हे काय?”

सरांनी नवनाथांकडं बघितलं. नवनाथांनी राजहंसांकडं.

“आपुन आत्ता गेलतो ना बाई, त्येच हाय ते,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी काडेपेटीचा खण बोटानं आत-बाहेर सरकवून दाखवला. “फकस्त ह्याला उगडायची, लावायची सोय हाय. खऱ्याला न्हाई.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन काढलं.

समितीचा अहवाल पंधरवड्यानं आला. तोवर पाडापाड, भूमिपूजन सगळं थांबलं होतं. अहवाल एकाच पानाचा होता: मुलींसाठी आठ संडास पहिल्या टप्प्यात, त्याआधी कशालाही अनुदान नाही, आणि ते होईपर्यंत जुन्या खोलीला हात लावायचा नाही. मग सरांना कारंज्याऐवजी संडासाचं भूमिपूजन करावं लागलं. पण माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी नारळ फोडला आणि ‘जागतिक दर्जाचं’ हा शब्द भाषणात चार वेळा घातला.

जुन्या खोलीचं दार मात्र परत बसेना. ते भंगारात गेलं होतं. नव्यासाठी तीन दरपत्रकं हवी होती. दोन आली, तिसऱ्याची वाट. तोवर फ्लेक्स तिथंच. तीनशे बारा मुली सरांना बाजूला सारून आत जात आणि सर हात जोडून प्रत्येकीचं सहर्ष स्वागत करत.

महिनाभरानं सर स्वतः मावशींकडं आले. आवाज पडलेला.

“मावशी, निदान तो उलटा तरी लावा हो.”

“लावते की,” मावशी म्हणाल्या. “पन मंग तुमी आत बगत ऱ्हाताल, सर. चालंल का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी दार आलं. लोखंडी, आतून-बाहेरून कडी, नवनाथांच्या स्वतःच्या गाडीतून. तिसऱ्या दरपत्रकाचं पुढं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. मावशींनी कुलूप लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, आणि दार करकरतं म्हणून नवनाथांना तिथंच उभं करून झापलं. मग ब्रश घेऊन त्या नॉलेज सिटीकडं गेल्या. काडेपेटीवर धूळ बसली होती.