पाइपाशी बोलणी

अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात नळाशी, पंख्याशी आणि शिवणयंत्राशी अदबीनं बोलणारा माणूस एकच आहे, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. माणसांशी ते मराठी बोलतात, तीही जेवढ्यास तेवढी. यंत्राशी मात्र दखनी. पाणीपुरवठ्याच्या खात्यात ते लागले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन निजामाची राजवट गेली त्याला फार वर्षं झाली नव्हती. खात्यातली जुनी मंडळी अजून उर्दूत चिडायची आणि उर्दूतच हसायची. पाना कसा धरायचा हे मामांना शिकवलं एका उस्तादांनी, आणि ते उस्ताद पंपाला ‘मियां’ म्हणत. मामांनी पान्याबरोबर मियांही उचलला. ‘‘यंत्राला मराठी कळत नाय, जावईबापू,’’ ते मला समजावतात. ‘‘आपली मराठी हुकमाची. दम दिला की ते अडून बसतं. त्याला इज्जत लागती.’’

इज्जत देण्याची ही संधी मामा कुठंही सोडत नाहीत. मुलीच्या लग्नात मामानं तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. आमच्या लग्नात मंगलाष्टकं रंगात आली असताना हिच्या पाठीशी जागा रिकामी होती आणि मामा मांडवाच्या कोपऱ्यात भोंग्याला ‘‘कायकू चिल्लाते, मियां?’’ असं विचारत होते. भोंगा गप्प झाला तो कायमचाच, आणि शेवटची दोन मंगलाष्टकं भटजींना नरड्याच्या जोरावर म्हणावी लागली. मामांच्या जाकिटाच्या एका खिशात पाना असतो आणि दुसऱ्यात गुलमंडीच्या बाजारातून आणलेले वायसर. आमच्याकडं आले की घरातले सगळे नळ एकदा फिरवून बघितल्याशिवाय ते चहाला हात लावत नाहीत. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू चालते, पण स्वतःच्या अटींवर चालते. आमचा मिक्सर डाव्या हातानं झाकण दाबलं तरच फिरतो, आणि बैठकीतला पंखा आधी देवघरातला दिवा लावल्याशिवाय हलत नाही. हे सगळं आता आमच्या इतकं अंगवळणी पडलंय, की दुसऱ्याच्या घरी पंखा एका बटणात लागला की मला चुकल्यासारखं वाटतं.

पण हे हसण्यावारी नेण्यातलं राहिलं नाही ते आई आली त्या हिवाळ्यात. वडील गेल्यापासून ती गावी एकटी होती. एका सकाळी अंगणात पाय घसरून पडली आणि तासभर कुणाला कळलंही नाही. मी जाऊन तिला गारखेड्याला आमच्या घरी घेऊन आलो. ‘‘आठ दिवस बघते,’’ ती म्हणाली, ‘‘जमलं तर राहीन.’’ सगळं जमत होतं, अडलं ते अंघोळीशी. पहाटे उठून कडकडीत पाण्यानं अंघोळ हा तिचा जन्माचा नेम, आणि गिझरची तिला भीती. विजेचं पाणी अंगावर घ्यायचं नाही म्हणजे नाही. गच्चीवर आमचा सोलर होता. त्याच्या टाकीतलं पाणी हात भाजेल असं तापायचं, पण न्हाणीतल्या नळाला नुसती फुसफुस, मग सुताएवढी धार, तीही येता येता गार झालेली. दुरुस्तीवाले दोनदा आले, टाकीला हात लावून ‘‘पाणी तर गरम आहे, साहेब’’ म्हणाले आणि गेले. मग ही पहाटे उठून गॅसवर पातेलं चढवायची आणि मी ते उचलून न्हाणीत न्यायचो. सहाव्या दिवशी आईनं पिशवी भरली. ‘‘तुम्ही दोघं नोकरीची माणसं. उद्याच्या गाडीनं जाते मी. माझं ओझं नको.’’ मी मामांना फोन केला.

मामा आले ते चहाही न मागता गच्चीवर चढले, मागोमाग मी. न्हाणीची खिडकी गच्चीखालीच उघडते, म्हणून आईला खाली नळाशी स्टुलावर बसवलं, नळाखाली हात धरून. वरून मामा ओरडायचे, ‘‘विहीणबाई, आलं का?’’ आणि खालून आई म्हणायची, ‘‘नाही आलं.’’ मधल्या वेळात मामा पाइपावरून हात फिरवत त्याची समजूत काढत होते. ‘‘क्या हुआ, मियां? कायकू रूठे? हल्लू हल्लू आव.’’ थोड्या वेळानं आईनं हिला हाक मारली. ‘‘अगं, वर मामांबरोबर कुणी पाव्हणे आलेत ना? मघापासून मामा त्यांची मिनतवारी करतायत. त्यांनाही चहा टाक.’’ हिनं खरंच एक कप जास्त टाकला.

इकडं मामांचा हात एके ठिकाणी थांबला. टाकीतून निघालेला पाइप तिथं कमान करून वर चढला होता आणि पुन्हा खाली उतरला होता. ‘‘हितं हवा अडकलीय,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्या जुन्या पाणचक्कीला डोंगरातून पाणी येतंय, मोटार नाय, काय नाय. का येतंय? जमिनीखालच्या नहरीला मधी मधी हवा जायला मनोरे ठेवलेत. पाण्याला उसासा टाकायला जागा लागती. हा पाइप असा वर कुण्या गाढवानं नेला?’’

मी म्हणालो, ‘‘मामा, तुम्हीच. उन्हाळ्यात वाळवणाची खाट पाइपाखालून सरकत नव्हती म्हणून.’’

मामा कठड्यावर बसले. मग ते उठून खिडकीकडं वाकले आणि म्हणाले, ‘‘विहीणबाई, चूक माझी हाय. तुमचं पाणी मीच अडवलं व्हतं.’’ खालून आई म्हणाली, ‘‘असू द्या, मामा. आता सोडा.’’

त्यांनी कमानीच्या माथ्यावरचा सांधा पान्यानं सैल केला. फुस्स करून हवा निघाली, पाठोपाठ गरम पाण्याची चिळकांडी मामांच्या जाकिटावर आली. त्यांनी सांधा आवळला आणि खालून आईचा आवाज आला, ‘‘आलं. बाई गं, हात पोळला.’’ हात पोळल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या आवाजात ऐकलेला नाही. अंघोळ करून ती बाहेर आली, पिशवीतली लुगडी काढून पुन्हा खुंटीवर अडकवली आणि म्हणाली, ‘‘संक्रांतीपर्यंत बघते.’’ त्यानंतर किती संक्रांती झाल्या ते आम्ही कुणी मोजलं नाही.

मामांनी त्या माथ्यावर हवा सोडायला एक छोटा कॉक बसवला, पण कमान काढली नाही. वाळवणाची खाट सरकली पाहिजे ना. त्यामुळं दर हिवाळ्यात पाइप हवा धरतो आणि मामांना बोलवावं लागतं. मला तर वाटतं, त्यांनी ते मुद्दामच तसं ठेवलंय. आता मात्र त्यांच्यानं जिना चढवत नाही. बोटंही बधिर झालीत, गरम-गार चटकन कळत नाही. यंदा वर मी गेलो. खाली स्टुलावर मामा बसले नळाखाली हात धरून, आणि त्यांच्या शेजारी आई, तिचाही हात नळाखाली. मी कॉक फिरवला. ‘‘आलं का?’’

‘‘नाय,’’ मामा म्हणाले. ‘‘त्याच्याशी बोललात का?’’

शेजारच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होत्या. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि पुटपुटलो.

‘‘मोठ्यानं,’’ खालून मामांचा आवाज आला. ‘‘मला ऐकू यायला नको?’’

मग मी पाइपावर हात ठेवला आणि चांगलं मोठ्यानं म्हणालो, ‘‘कायकू रूठे, मियां? हल्लू हल्लू आव.’’ पाइपानं उसासा टाकला. खालून आई म्हणाली, ‘‘आलं, मामा. गरम आहे.’’ आणि मग वर मला, ‘‘चहा टाकलाय. मियांना घेऊन खाली ये.’’