नमुना जुळला तरच

दौंडच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम मी आणि माझे एक वयस्कर सहकारी बघायचो. औषधाची मात्रा काढणारा प्रोग्राम त्यांचा. वजनाच्या जागी आकडाच लागे. दुसरं काही टाकलं की मशीन आपलाच प्रश्न जसाच्या तसा परत दाखवी. माझं डोकं फिरायचं. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "नमुना जुळला न्हाई, तर उत्तर कशापायी द्यायचं?"

वैतागून मी दोन नियम वाढवले. एक: आकडा नसेल तर मोठ्या माणसाची मात्रा दाखव; दुसरा, दिवसाच्या गोळ्या मोजायचा. त्यांनी पहिला मला न विचारता पुसला. मी सिस्टरांसमोर त्यांच्यावर ओरडलो.

दोनच दिवसांनी सिस्टरांनी घाईत राहू गावच्या एका तान्ह्या बाळाच्या वजनाच्या जागी त्याचं नावच टाईप केलं. मशीननं प्रश्न परत केला. सिस्टरांनी चूक सुधारली.

मी माफी मागायला गेलो, तर मान वर न करता ते म्हणाले, "बसा. तुमचा दुसरा नियमबी चुकलाय."