देवघरातला वीर

माझा मुलगा गेला आणि मी देवघरात पाऊल टाकणं बंद केलं. देव नाहीत असं माझं म्हणणं नव्हतं. आहेत, म्हणूनच तर राग होता. ज्या घरात तुम्हाला रोज न्हाऊ घातलं, नैवेद्य दाखवला, त्या घरातलं एकुलतं एक पोर तुम्हाला राखता आलं नाही ना? मग बसा आता पारोसे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि देवघराचं दार ओढून घेतलं. तेव्हापासून पूजा आमचे हे करायचे. कचेरीत जन्म घालवलेला माणूस, पूजाही फाईल पुढे सरकवावी तशी करायचा. चार थेंब पाणी, एक फूल, झालं.

मुलगा सैन्यात होता. सीमेवर बर्फाचा कडा कोसळला आणि तो त्याखाली सापडला. गोळी नाही, शत्रू नाही, नुसता बर्फ. माझा हा पोरगा नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा सकाळी आंघोळीला कोमट पाणी मागायचा. महाल भागातली आमची अख्खी गल्ली त्यावरून त्याची चेष्टा करायची. त्याला असं मरण द्यावं, हा कुठला न्याय? पण समारंभात माईकवर तो दर वेळी शत्रूशी झुंजतच पडतो. सुरुवातीला मी आयोजकांची चूक दुरुस्त करायला जायचे. मग सोडून दिलं. चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, त्यात पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे आणि माझा मुलगा कोपऱ्यात. मलाही आता नाव उरलेलं नाही, पत्रिकेवर मी नुसती 'वीरमाता' असते. भर उन्हाळ्यात अंगावर शाल घालतात आणि टाळ्या वाजवतात.

आमच्या देवघरात देवांबरोबर घराण्याचे टाक आहेत. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटीशी आकृती. त्यातला एक वीराचा आहे, घोड्यावर बसलेला, हातात भाला. घरातला तरुण मुलगा लग्नाआधी लढाईत कामी आला की त्याचा टाक करून देवांत बसवायची आमच्याकडे जुनी रीत आहे. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात नागपुरात आले, हा घोडेस्वार त्या वेळचा असावा. ह्यांनी इतवारीतल्या सोनाराला आपल्या मुलाचा टाक करायला सांगितलं होतं. मला म्हणाले, "त्याला शांती मिळेल." मी म्हटलं, "अशांत मी आहे. माझं काय करता?" एकदा का त्याला देव्हाऱ्यात बसवलं, की तो गेला हे मी माझ्या हातांनी मान्य केल्यासारखं होणार होतं. माझा मुलगा पत्र्याचा होणार नाही, असं मी निक्षून सांगितलं. त्यावर हे नेहमीसारखे उठून बाहेर गेले. त्याचा विषय निघाला की ते उठूनच जातात. आमच्या घरात त्याचं नाव कोणी घेत नसे.

अशात एका संस्थेचं बोलावणं आलं. शहिदांच्या कुटुंबांना स्मृतिपदक द्यायचं होतं. नाही म्हणायची सोय नसते, गाडी दाराशी येते. सभागृहात भाषणं झाली, नावं पुकारली गेली, आणि मखमली पेटी हातात घेऊन मी खुर्चीवर येऊन बसले. पदकावर एका सैनिकाचा चेहरा होता. चांगल्या झुपकेदार मिशा. माझ्या पोराला मिशी कधी धड फुटलीच नाही. करणाऱ्याने फोटो नीट पाहिला नसेल असं वाटलं. मग शेजारच्या बाईच्या पेटीत डोकावले, तर तिथेही तोच. तेच नाक, त्याच मिशा. सगळ्यांच्या पेट्यांत एकच माणूस होता, फक्त मागे नावं वेगळी. मला हसू आलं, आणि ते आवरेना. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

शेजारची बाई नागपूरजवळच्या मौद्याकडची होती, माझ्याच वयाची, ठसठशीत कुंकू लावलेली. पहिल्याच वाक्यात एकेरीवर आली. "काहून हसून राहिली वं?"

मी दोन्ही पदकं तिच्यापुढे धरली. "बघा तरी. तुमचा आणि माझा एकच आहे."

तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मले त माह्या पोरासारखाच दिसते." आणि पदराने ते पुसून पेटीत ठेवलं. असल्या प्रत्येक कार्यक्रमाला ती येते, असं तिनेच सांगितलं. मी जरा फटकळपणेच विचारलं, काय मिळतं हो इथे येऊन? तिला राग आला नाही. "त्याचं नाव घेतात ना माईकवर. घरी कोनीच घेत नाही. मी घेतलं का त्याचा बाप उठून चालला जाते."

मला तिथे बसवेना. पेटी खुर्चीखाली ठेवली आणि मी निघून आले. विसरले नाही, मुद्दाम ठेवली. परक्याचा चेहरा घरात कशाला आणायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. तीच बाई, घामाने निथळत, हातात माझी पेटी. चौकातला फ्लेक्स दाखवून विचारत विचारत आली होती. ज्या फ्लेक्सला मी रोज शिव्या देते, त्यानेच तिला माझ्या दारात आणून सोडलं. "अहो, विसरलेच मी," मी म्हटलं.

"विसरली नाही. ठेवून आली तू. मी पाह्यलं," ती म्हणाली. तिने पाणी घेतलं, चहा घेतला, पण पेटी काही माझ्या हातात देईना. "देव कुठं हाये? आधी तेथं ठेवतो."

पाहुण्या बाईला देवघर दाखवायला नाही कसं म्हणायचं? कित्येक महिन्यांनी मी ते दार उघडलं. देव काळवंडले होते. तिने पेटी ठेवली, वाकून नमस्कार केला आणि वीराच्या टाकाकडे बोट दाखवलं. "हा घोड्यावरचा कोन?"

"घराण्यातला वीर आहे."

"नाव काय याचं?"

"माहीत नाही. कोणालाच नाही."

ती अगदी जवळ जाऊन बघायला लागली. "याले त चेहराच नाही राहिला वं. न्हाऊ घालू घालू झिजला. कोन घालते याले आंघोळ?"

"मी," म्हणाले. "मी घालत होते."

ती माझा हात धरून उभी राहिली. मी त्या झिजलेल्या टाकाकडे बघत होते. त्यालाही आई होती. तिच्याही हातात सोनाराने असाच साच्यातला घोडेस्वार ठेवला असेल, आणि हा माझा नव्हे, असं ती मनात ओरडली असेल. तरी तिने तो देवांत ठेवला आणि पुढच्या बायकांच्या हवाली केला. एका सुनेने पुढच्या सुनेकडे दिला, शेवटी माझ्या सासूने माझ्याकडे. लग्न होऊन आल्यापासून मी कुणाच्या तरी पोराला रोज न्हाऊ घातलं, मऊ फडक्याने पुसलं, गोडधोड दाखवलं, आणि एकदाही विचारलं नाही की बाबा, तू कोणाचा? आणि माझ्या रागापायी इतके महिने तो बिचाराही पारोसाच बसून होता.

तिला बस गाठायची होती. दारात थांबून म्हणाली, "तुह्या पोराचं नाव मी काल आयकलं. शंतनू ना? मी घेत जाईन. तू माह्याचं घेत जा. प्रफुल." ती गेल्यावर लक्षात आलं, तिचं स्वतःचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तिला देवाने पाठवलं असं मी म्हणणार नाही. मौद्याहून बाई पाठवता येते, तर बर्फाचा कडा थोपवता आला नसता का? हे मी त्याला अजूनही सुनावते, रोज. पण ती आली, आणि ती आली नसती तर ते दार मी उघडलं नसतं, एवढं खरं. तिच्या येण्याचे उपकार मी मानते. आपलं माणूस देवांत सोपवणं म्हणजे त्याला विसरणं, असं मला वाटायचं. तसं ते नसतं. आपल्यामागे कुणीतरी अनोळखी बाई त्याला न्हाऊ घालील, एवढ्या भरवशावर आपलं माणूस खाली ठेवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसवर पाणी ठेवलं. पदकाची फीत सोडली आणि ताम्हनात वीराचा टाक आणि पदक शेजारी शेजारी ठेवलं. हे परडीत फुलं घेऊन दाराशी उभे होते. मी आधी प्रफुलचं नाव घेतलं. मग नेहमीच्या आवाजात हाक मारली, "शंत्या, चल रे, पाणी काढलंय."

हे आता उठून जाणार, असं मला वाटलं. ते गेले नाहीत. खाली बसले, तांब्यात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाले, "अजून जरा गरम लागतं त्याला."

मी पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं.