गोदूवयनी आणि उघाडीवालीची सही

आमच्या गोदूवयनीचा राग कडव्या वालासारखा. भिजवा, मोड आणा, सोला, वर गूळ घाला, कडवटपणा मागे राहतोच. आणि रोह्याच्या माणसाला तोच आवडतो, त्याला कोण काय करणार?

गोदूवयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, वयनी आहे, आणि चांगली खणखणीत आहे. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच जेवणाला आमच्या आईला म्हणाली, "भाजीत मीठ हाय, पन चव नाय." आई पुढे वर्षभर तिच्याशी धड बोलली नाही. भाजीत मात्र दुसऱ्या आठवड्यापासून वयनीच्या माहेरचं खडं मीठ पडू लागलं. एकदा नागोठण्याच्या स्टँडावर एका ड्रायव्हरने तिने हात दाखवूनही गाडी थांबवली नाही. पुढे तो आमच्याच लांबच्या नात्यात निघाला. त्याच्या लग्नाला वयनी गेली, मांडवात पहिल्या रांगेत बसली, आणि जेवायला उठली नाही. "तो माझ्यासाठी थांबला नाय, मी त्याच्या पंगतीला का थांबू?"

असे तिचे राग सांगत बसलो तर वाल शिजून लगदा होईल. पण दोन राग मोठे. एक तिच्या सख्ख्या भावावरचा, गुणाजीवरचा. दुसरा एका व्हिडिओ गेमवरचा. हे दोन राग एकमेकांत कसे मिसळले ते सांगतो.

वयनीचं माहेर खारपट्टीतलं. वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागायचं आणि थोडं पुढे जाऊन खाडीकडे उतरायचं. तिचा बाप काळुराम तिथली उघाडी सांभाळायचा. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध घातलेला असतो, त्याला बंदिस्ती म्हणतात, आणि त्यातलं दार म्हणजे उघाडी. भरतीला दार मिटायचं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं. त्या उघाडीला लागून काळुरामचा जमिनीचा तुकडा. काळुराम गेल्यावर त्यावर गुणाजीचं आणि दोन्ही बहिणींचं नाव लागलं. आता तिथे गोदामं बांधणाऱ्या कंपनीला तो तुकडा हवा झाला आणि गुणाजीला बहिणींची हक्कसोड हवी झाली.

आपल्याकडे बहिणी हक्क सोडतात. साडी घेतात, डोळे पुसतात, सही करतात. माहेर तुटू नये म्हणून. धाकटीने केली. वयनी म्हणाली, "मी नाय करनार. बापाच्या उघाडीवर माझं नाव हाय ते ऱ्हाऊ दे."

गुणाजीने निरोप पाठवला, सही करशील तेव्हा माहेराला ये, तोवर भाऊबीजसुद्धा नाही.

भाऊबीजेला तो बोलल्याप्रमाणे आला नाही. वयनीने पाट मांडला होता. संध्याकाळी उचलून भिंतीला लावला आणि तो पाट आडवा का आला म्हणून माझ्याशीच भांडली.

आता गेम. वयनीची नात मृणाली धाटावच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. शिफ्ट संपवून आली की संगणकासमोर बसते. वयनी मागे सूप घेऊन वाल सोलत बसते. बाकीच्या म्हाताऱ्या मालिका बघतात, आमची ही गेम बघते. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून आमच्या घरात त्याला 'बंदिस्तीचा खेळ' म्हणतात. पुढच्या शतकातलं एक शहर. समुद्र वर चढलाय, शहर खाली राहिलंय, मध्ये भलीमोठी भिंत. माणसांचे हात लोखंडाचे, डोक्यात तारा, डोळेसुद्धा कंपनीचे. नोकरी सुटली तर डोळा परत करावा लागतो. मला पहिल्यांदा हसू आलं, मग धाटावच्या कारखान्यात निवृत्तीच्या दिवशी माझा पास गेटवर काढून घेतला होता ते आठवलं आणि हसू गेलं.

या शहराच्या भिंतीत एक दार आहे आणि दारावर एक म्हातारी. अर्धं अंग लोखंडाचं, तोंडात कायम शिवी. वयनी तिला पहिल्या दिवसापासून उघाडीवाली म्हणते. शेवटी खेळणारा तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा पडद्यावर तीन उत्तरं येतात. दार उघड. दार उघडू नको. तिला विचार. मृणालीने तिन्ही करून पाहिली. वयनीला तिसरंच आवडायचं. "ज्याचं दार त्याला इचारावं," एवढंच तिचं म्हणणं.

हा खेळ आमच्याकडे दोन-तीन पावसाळे चालला. मग एका रविवारी गुणाजीचा मुलगा नितेश आला. तो पेणला कामाला आहे, तोही हा खेळ खेळतो. येताना पोह्याचे पापड आणि एक बातमी घेऊन आला.

"आत्या, तुझ्या उघाडीवालीचा आधीचा भाग आलाय. यात ती तरनी हाय. मी मृणालीला घेऊन दिला."

खेळ आधी आला आणि आधीचा भाग नंतर आला, हे मला समजायला दोन चहा लागले. मुलाच्या बारशानंतर बापाचं बारसं केल्यासारखं ते. पण वयनी खूश झाली. भावाच्या मुलाने काही आणलं याचंच तिला जास्त होतं, हे मी तिच्या तोंडावर बोललो नाही. माझे दात अजून शाबूत आहेत.

मला विचाराल तर तो आधीचा भाग भिकार. जुन्या खेळात पाऊस होता, चिखल होता, गल्ल्या होत्या. माणूस हवा तिथे भटकायचा, चुकायचा, कोणाच्या तरी घरात शिरायचा. नव्यात सगळं चकचकीत. तीस वर्षं आधीचा काळ म्हणे, आणि मोटारी जास्त भारी. माझ्या आज्याच्या हातात माझ्यापेक्षा मोठा मोबाईल असल्यासारखं. जिकडे तिकडे गोळीबार. उघाडीवाली तरणीताठी, तोंडावर एक सुरकुती नाही, शिवी नाही. आणि रस्त्यावर सतत एक पिवळा बाण, इकडे जा, तिकडे वळ.

वयनीने पहिल्याच संध्याकाळी सूप खाली ठेवलं. "ही कुठली गो?"

"तीच हाय आजी. याच वस्तीत जन्मलेली."

"मं आपल्याच गावात हिला वाट दाखवाया बान कशाला?"

"खेळणारा चुकू नये म्हणून."

"चुकला तं काय मरतो? पयल्या खेलात तू किती चुकलीस. चुकलीस म्हनून ती मासलीवाली भेटली, तो आंधला भेटला. यात कोन भेटतं? सगलं बानाच्या मागं."

रोज असं. कपड्यांना नावं, गाण्याला नावं, कंपनीच्या साहेबाला चांगलं बोलायला लावलंय म्हणून नावं. मृणालीलाही तो आवडला नव्हता, पण दोघी तो बघत होत्या. वाईट नवरा शेजारी असला की सगळी आळी खिडकीत उभी राहते, तसं.

शेवट आला तेव्हा नितेश मुद्दाम आला होता. त्याने तो आधीच खेळून संपवला होता, शेवटाला काय आहे हे त्याला ठाऊक होतं. ते आम्हाला नंतर कळलं.

पडद्यावर ती तरणी बाई दाराजवळ उभी. समोर कंपनीचा माणूस, हातात चमकता कागद. दार कंपनीच्या नावावर करायचं, त्यावर तिची सही. पडद्यावर एकच बटण. सही करा.

"दुसरं दाब," वयनी म्हणाली.

"दुसरं नाय गो आजी. एकच हाय."

"मं नको दाबूस."

मृणालीने हात मागे घेतले. ती बाई उभीच. वारा सुटलेला, केस हलताहेत, कंपनीचा माणूस थोड्या थोड्या वेळाने तेच वाक्य म्हणतोय. वयनीने सूप ओढलं आणि वाल सोलायला लागली. चहा झाला. पापड भाजून झाले. ती बाई उभीच.

नितेश हसला. "आत्या, तू दिवाळीपातूर बस. सही केल्याबिगर ते फुडं जात नाय. पयल्या खेलात दार कंपनीचं हाय ना? म्हंजे हिनं सही केलेलीच हाय. फुडचं ठरलेलं हाय, म्हनून तितं दुसरं बटन नाय."

"ठरलंय तं त्याला खेल कशाला म्हनता? मना सांगायचं, आसं आसं झालं, झोपा आता."

"कसं झालं ते कलावं म्हनून. तिचीबी कायतरी आडचन आसंल. मानूस हट सोडतो, आत्या. सगल्यांच्या सह्या झाल्या, एकटीनं काय धरून बसायचं?"

तो कोणत्या सहीबद्दल बोलतोय ते भिंतीला टेकवलेल्या पाटालाही कळलं असेल.

"दाब गो," वयनी मृणालीला म्हणाली. "बघू दे तिचं त्वांड."

बाईने सही केली. गालावरून एक थेंब खाली आला, वाद्यं वाजली.

"बघ, रडती हाय," नितेश म्हणाला.

"रडून केली म्हनजे पुसली जाते काय सही?"

त्यानंतर वयनी गप्प झाली. कोणाशी भांडण नाही, दूधवाल्याला बोलणं नाही. मृणाली मला म्हणाली, "आबा, आजीला डॉक्टरकडे नेऊ या का?" मला वाटलं, त्या थेंबाने हिच्यावर काम केलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला माहेराचा रस्ता बंद असणं म्हणजे काय, हे पुरुषाने सांगू नये. पण मी पाहत होतो. मग एका सकाळी तिने मृणालीला सांगितलं, "नितेशला फोन लाव. म्हनावं, येते."

गाडी घेऊन बापलेक दोघे आले. नितेश चालवायला, गुणाजी पुढे. मागे वयनी, मृणाली आणि साक्षीदार म्हणून मी. गुणाजीच्या तोंडात साखर. "बाय, सही झाली का सरल घरला. तुज्या भावजयीनं कोलंबी आनलीय, तुज्यासाठी. ऱ्हा चार दिस." वयनी खिडकीबाहेर बघत होती, पण कोलंबी म्हटल्यावर तिच्या तोंडाचा कोपरा हलला. मी बघितला.

वडखळ आलं. "गुना, आधी उघाडीवर जाव. मना बघायचीय."

"आधी सही, मं उघाडी."

"इतंच तं हाय. पाव घंट्याचं काम."

"बाय, हट नको. साहेब जेवाया उठतो. आधी पेनची कचेरी."

वयनी पुढे वाकली. काचेजवळ नितेशचा मोबाईल अडकवलेला, त्यावर रस्ता आणि रस्त्यावर बाण. आतली बाई सांगत होती, सरळ जा.

"नितेश, तू इतलाच ना रं?"

"व्हय आत्या."

"मं आपल्याच गावच्या नाक्यावर तुना बान कशाला?"

"ट्रॅफिक कलतं."

वयनी मागे टेकली. पेण येईपर्यंत तिची नजर त्या बाणावर होती. मृणालीने माझ्या गुडघ्याला हळूच गुडघा लावला. मी सरळ बसलो, कारण वयनीचा चेहरा आता मला ओळखीचा वाटत होता. मांडवात उपाशी बसलेला तो.

कचेरीत गर्दी. अंगठा वाचायचं यंत्र, फोटो काढायचा डोळा. आमचा पुकारा झाला. साहेब तरुण होता, कागद उलटून त्याने वर पाहिलं.

"आजी, यात काय लिहिलंय ते तुम्हाला वाचून दाखवलं ना?"

"दाखवलं."

"राजीखुशीने सही करताय? कोणी जबरदस्ती तर नाही केली?"

आजवर किती बहिणींना हे विचारलं असेल आणि किती जणींनी मान हलवली असेल. वयनीने मान हलवली नाही.

"म्हंजे इतं इचारतात?" ती म्हणाली.

"विचारावं लागतं, आजी."

"आनि नाय म्हनलं तं?"

"तर दस्त होणार नाही."

वयनीने पदर सारखा केला. "मं नाय. राजीखुशी नाय."

"बाय," गुणाजी म्हणाला. आवाज लहान, दात मोठे.

"मना एकाच बटनापुढं उभी केलीस ना पोराकरवी? साहेबाकडं दोन हायेत."

साहेबाला काही कळलं नाही. त्याने पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आवारात गुणाजीने तोंड सोडलं. सगळं इथे लिहिता येणार नाही, नातवंडं वाचतात. शेवटी म्हणाला, "आजपासून मना बहीन मेली."

"मेले तरी तुजं काम व्हनार नाय, गुना. माझ्या जागेवर माझी पोरं येतील, त्यांच्यामागं ही येल." तिने मृणालीकडे बोट केलं. "आनि ही माझ्यावून वंगाल हाय."

बापलेक गाडीत बसले आणि गेले. आम्ही तिघं एस.टी.ने वडखळला उतरलो, तिथून रिक्षा केली, बंदिस्तीवरून चालत गेलो. ओहोटी होती. उघाडीच्या फळ्या झिजलेल्या, पण पाणी बाहेर पडत होतं. वयनी बापाच्या तुकड्यावर बसली. मृणालीने पेणला घेतलेले वडे सोडले.

समोर, हाकेच्या अंतरावर, माहेरचं घर. गुणाजीची गाडी दारात लागलेली. तो अंगणात आला, बांधावर आम्हाला बघितलं, आणि आत जाऊन दार लावलं. कोलंबीचा वास मात्र वाऱ्याने आमच्यापर्यंत आला. दार लावून वास अडत नाही.

"आजी, जायचं का तिकडे?" मृणालीने विचारलं.

"कशाला? आपल्या जागेत बसलोय."

वडा तिने अर्धाच खाल्ला. बराच वेळ त्या लावलेल्या दाराकडे बघत होती. मग उठली, पदराला हात पुसला.

"घरला गेलीस का पयला खेल लाव गो."

"लावते. तो आधीचा भाग काढून टाकू?"

"ऱ्हाऊ दे त्यो. पयला लाव, आनि दारावर गेलीस का ते तिसरं दाब. मना त्या म्हातारीला इचारायचंय, तुना भाऊ व्हता का."