शेपटीचे वीस केस

दुबईतल्या एका प्रयोगशाळेत मी गाईंच्या जनुकांचा नकाशा करते. शेपटीचे वीसेक केस येतात. त्यांच्या मुळांतून डीएनएतल्या हजारो जागांवरची अक्षरं वाचायची आणि कुठलं अक्षर अंगाच्या वाढीशी, कुठलं दुधाशी जोडलेलं आहे ते कळपाच्या नोंदींशी ताडून पाहायचं. इतकी वर्षं झाली, तरी मला हे अजून खरं वाटत नाही. एकदाही न व्यालेल्या कालवडीच्या दुधाचा अंदाज केसाच्या मुळावरून लागतो.

गेल्या हिवाळ्यात अल ऐनजवळच्या एका डेअरीतून चाळीस कालवडींचे केस आले. त्यातलं एक पाकीट बाद झालं. केस मुळासकट उपटलेले नव्हते, कात्रीने कापलेले होते. माझं डोकंच फिरलं. अहवाल नसेल तर ती कालवड विक्रीच्या यादीत जाणार होती आणि यादी महिनाअखेरीला पक्की व्हायची होती. दुबईतल्या अल बर्शाहून मी गाडी काढली ती तणतणतच.

केस कापणारे गोठ्यातले काका निघाले सांगोल्याकडचे. मी त्यांना मराठीतच फैलावर घेतलं. "काका, मुळं लागतात म्हणून सांगितलं होतं ना?"

"बाकीच्यांचं उपटलं की, मॅडम. हिला मातर हात धजंना. दुखलं असतं."

कालवड खरंच किरकोळ होती. जन्मल्यापासून तिला बाटलीने दूध त्यांनीच पाजलेलं. मॅनेजर "छोटी है, खलास" म्हणून मोकळा झाला होता. तिचं इथं राहणं या केसांवर आहे, असं मी काकांना समजावलं. मग त्यांनी तिच्या पाठीवर एक हात ठेवला, डोळे घट्ट मिटले आणि केस उपटले. ती जागची हललीसुद्धा नाही.

अहवाल आला तेव्हा मी स्वतःच गेले. वाढीच्या जागा यथातथाच होत्या, पण दुधाच्या इतक्या भक्कम की मी त्या दोनदा तपासल्या होत्या. मॅनेजरने यादीतून तिचा नंबर खोडला. "यल्ला, चलो, रहने दो."

काका लॅपटॉपकडे बघत होते. "येवढं आलं कुठनं हिच्यात?"

"बापाची अक्षरं आमच्याकडे आहेत. ती बाजूला काढली तर यातलं बरंचसं आईकडचं दिसतं."

"हिची आई पयल्याच वेताला गेली, मॅडम. धार काढायच्या आधी."

जिचं थेंबभर दूध कुणी पाहिलं नव्हतं, तिचं देणं माझ्यासमोर ओळीने लिहिलेलं होतं. मी एकेका जागेवर बोट ठेवत गेले, हे आईचं, हेही आईचं. प्रत्येक बोटाला मान हलवत काका शेवटच्या ओळीपर्यंत उभे राहिले.